शेंदराची खूण

१९ फेब्रुवारी १९४२, गुरुवार

आज पेट्रोल कंदिलात गेलं असतं. 

दिवेलागणीला सासूबाई इंजिनघरातून डबा घेऊन आल्या. कंदिलाच्या टाकीचं झाकण काढलं, नरसाळं लावलं. शकुन त्यांच्या गुडघ्याला टेकून बसलेली. सहा वर्षांची पोर, तिला सगळं जवळून बघायचं असतं. मी चुलीपाशी भाकरी थापत होते आणि एकदम वास आला. घासलेटचा नव्हे, तो दुसरा, थंड, कपाळात जाणारा. उठले आणि डबा हिसकावलाच. चुलीपासून चार हातांवर पेट्रोल!

सासूबाई चिडल्या. "डबा डब्यावानी. मले का माहीत आत काय हाय ते?" त्यांचं तरी काय चुकलं? विहिरीवरचं इंजिन सुरू करायला पेट्रोल, सुरू झालं की चालवायला घासलेट, आणि वंगणाला जाड तेल. तिन्ही चौकोनी पत्र्याच्या डब्यांत. त्यात दोन डबे मुळात तुपाचे आणि एक गोड्या तेलाचा. मोट होती तेव्हा फक्त बैल ओळखावे लागत.

हे जेवताना ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तू शिकलेली हायस ना? मंग आजपासून डबे तुह्याकडं." आणि इंजिनघराची किल्ली ताटाशेजारी ठेवली. लग्नाला नऊ वर्षं झाली. ह्या घरात कुठलीही किल्ली माझ्याकडे आली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण धास्तीने किल्ली दोनदा चाचपली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

चिठ्ठ्या लिहिल्या. एकोणीस डबे, एकोणीस चिठ्ठ्या. "पेट्रोल – विस्तवाजवळ नेऊ नये." "घासलेट." "वंगण." कणकेची लई करून चिकटवल्या. अकोल्याच्या शाळेत सातवीपर्यंत सुवाच्य अक्षरात माझा पहिला नंबर. बाबा फुलांचे हार विकायचे आणि मला शाळेत पोचवूनच टोपली घेऊन बाजारात बसायचे. आज त्यांनी हे डबे बघायला हवे होते.

सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "नावं त ठेवली. आता बारशाच्या घुगऱ्या कवा?" तेव्हा हसले नाही. आत जाऊन हसले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

उंदरांनी लई खाल्ली. सात चिठ्ठ्या गेल्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

उरलेल्या चिठ्ठ्या तेलाने पारदर्शक झाल्या आहेत. पण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. आज नत्थुजीला सहज विचारलं, "ह्या डब्यावर काय लिहिलंय?" नत्थुजी आमचं इंजिन चालवतो, संत्र्यांच्या बगीच्यातच झोपडी आहे त्याची. बराच वेळ बघत राहिला बिचारा. मग म्हणाला, "चांगलंच काही लिहिलं असन, मालकीनबाई."

मलाच शरम वाटली. बगीच्यात वाचता येणारी माणसं दोन, मी आणि हे. ह्यांना डब्यांशी कर्तव्य नाही. म्हणजे चिठ्ठ्या मी माझ्यासाठीच लिहिल्या होत्या!

नत्थुजी म्हणतो त्याला वासाने कळतं. पण त्याला बारा महिने सर्दी. आता मीच रोज सकाळी एकोणीस डबे हुंगते. डोकं चढतं. हे म्हणाले, "तुह्यापेक्षा आपला कुत्रा बरा, त्याले भाकर तरी कमी लागते."

एक काम मात्र चांगलं केलं. पेट्रोलचे मोठे डबे मी कुणाला उघडू देत नाही. नत्थुजीला सकाळी औषधाच्या बाटलीत मोजून देते, तेवढ्यात इंजिन सुरू होतं. तरी हे म्हणतात, डबे हलके होतात. कोणीतरी नळीने ओढतं. कोण ओढत असेल? मला वाटतं झाकणं नीट बसत नसतील, उन्हाने उडत असेल. पण मी तसं म्हटलं नाही.

२ मार्च, सोमवार

होळी. ठिणग्या कुठवर उडतील ह्या धास्तीने इंजिनघराच्या टिनाच्या छपरावर ओली पोती टाकून घेतली. सगळे हसले. हसू देत.

४ मार्च, बुधवार

सुचलं! बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकावर एक माणूस लाल निशाण धरतो आणि एवढी मोठी गाडी उभी राहते. गाडीला वाचता येतं का? लाल म्हणजे थांब, हात लावू नको. हे सगळ्यांना कळतं.

लाल रंग शेंदूरजनाच्या बाजारात मिळेना. दुकानदार म्हणाला, सगळा रंग लढाईवर गेला. मग त्याच्याकडूनच पावशेर शेंदूर आणला, जवसाच्या तेलात कालवला आणि पेट्रोलच्या सहा डब्यांना चारी बाजूंनी तळहाताएवढे ठसे दिले. झकास दिसतात. लांबूनही डोळ्यांत भरतात.

नत्थुजी तेवढ्यात बाटली घ्यायला आला. दारातच थबकला, आणि हात जोडून नमस्कार केला. एरवी एवढा मान देत नाही मला.

संध्याकाळी ह्यांनी बघितलं. गालातल्या गालात हसले. "चांगलं केलंस." ह्यांच्या तोंडून असं वर्षातून एकदा निघतं म्हणून लिहून ठेवते.

१२ मार्च, गुरुवार

रंगून पडलं. घासलेट तिकडूनच यायचं म्हणतात. बाजारात आता येतं तेही निराळंच, कधी पिवळट, कधी लालसर, वासही रोज वेगळा. हे मिळेल तिथून, मिळेल त्या भांड्यात आणताहेत. काल एक काकवीचं मडकं आलं. आंबिया बहराची संत्री आत्ता बोराएवढी झाली आहेत, पुढचे दोन महिने आळ्यांत पाणी पडलं तरच टिकायची. सगळा बगीचा त्या इंजिनघरावर उभा आहे आणि इंजिनघर माझ्या कमरेच्या किल्लीवर. रात्री तीनतीनदा हात जातो कमरेकडे.

पण एक खरं, शेंदूर लावल्यापासून पेट्रोलचे डबे हलके होत नाहीत. ह्यांनी काठी बुडवून स्वतः बघितलं.

२० मार्च, शुक्रवार

खुणेची भलतीच दहशत बसली आहे. माणसं इंजिनघराच्या उंबऱ्याबाहेर वहाणा काढतात. मी म्हटलं, ठिणगी उडू नये म्हणून असेल, नालाच्या वहाणा आहेत. आज एका डब्यावर झेंडूचं फूल होतं. शकुनला रागावले, डब्यांशी खेळायचं नाही म्हणून. ती म्हणाली, मी नाही ठेवलं. कबूल करत नाही कार्टी.

२७ मार्च, शुक्रवार

ऊन फार. टिन तापतं, झाकण सैल केलं की डबा फुस्स करतो. दिवसातून दोनदा जमिनीवर पाणी शिंपडवते. पार्बताबाई येते शिंपडायला, नत्थुजीची बायको. झाडावरचं फळ नुसतं तळव्यात धरून सांगते, आज तोडायचं की चार दिवसांनी. व्यापारीसुद्धा तिला विचारतात. फार कमी बोलते. पाणी शिंपडताना शेंदराच्या डब्यांना तिचा पदरही लागत नाही. सगळी माणसं तिच्यासारखी असती तर मला झोप लागली असती.

हे सोमवारी पेट्रोलच्या कुपनांसाठी अमरावतीला जाणार. चार दिवस सगळं माझ्यावर.

३१ मार्च, मंगळवार. दुपार

उद्या हनुमान जयंती. शेताच्या धुऱ्यावर, बांधापाशी आमचा मारोती आहे, त्याच्यापुढे आज भजन, उद्या सकाळी जन्म, मग रोडगे आणि वांग्याची भाजी. दीडशे माणूस. सकाळपासून रोडग्यांची कणीक मळते आहे.

आत्ता पार्बताबाई येऊन गेली. मारोतीच्या ओट्यावर कंदील लावायचा, वाऱ्याने पणती टिकत नाही, तर तेल पाहिजे. माझे हात कोपरापर्यंत कणकेत. म्हटलं, कमरेची किल्ली काढून घे आणि पाहिजे तेवढं ने. लाल खुणेच्या डब्याला हात लावू नको हे सांगायचं राहिलं. पण सांगायचं कशाला? खूण आहे ना. किल्ली परत आणून तिने कमरेला खोचलीसुद्धा.

१ एप्रिल, बुधवार

पार्बताबाई भाजली.

काल दिवेलागणीला, भजनाआधी. कंदिलात पेट्रोल होतं. ओतताना हातावर, पदरावर सांडलेलं. ओट्याखाली उभी राहून तिने काडी ओढली आणि उजव्या हातावरून आग कोपरापर्यंत चढली. ओरडलीसुद्धा नाही. मी रोडगे भाजायच्या आरापाशी होते, उजेड बघितला आणि वाटलं कंदील लागला. नत्थुजीने पोतं टाकलं, बाकीच्यांनी माती टाकली. कंदिलाची काच फुटून मारोतीच्या पायाशी पडली.

सकाळी जन्म झाला. रोडगे कुणी नीट खाल्ले नाहीत.

२ एप्रिल, गुरुवार

कोरफड घेऊन झोपडीत गेले. हात बघवत नाही. बोटं सुजून एक झाली आहेत. मी बोलत सुटले. अगं, वास नाही का आला, ती खूण नाही का दिसली, एवढी लाल खूण!

ती म्हणाली, "वास आला. पर आता तेल कसलंबी येऊन राहिलं ना. आन् मालकीनबाई, तुमच्या घरचं नाई घेतलं मी. देवाच्याच डब्यातलं घेतलं."

"देवाचा डबा कोणता?"

"शेंदराचा."

मग माझ्याकडे बघून, समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तुमी एवढ्या टंचाईत देवाच्या नावानं तेल काढून ठेवलं. आमी सारे म्हनत होतो, मालकीन लय धरमाची हाय. माहंच काही चुकलं असन. तेल काढ्याच्या आंधी मी डोक्शावरून न्हाली नव्हती."

उठून बाहेर आले.  पहिल्या तोड्याच्या टोपलीला शेंदराचं बोट लावून ती मारोतीची म्हणून बाजूला ठेवतात. नवीन विहिरीच्या पहिल्या दगडाला शेंदूर. वासराच्या नवसाच्या दाव्याला शेंदूर. नऊ वर्षं हे डोळ्यांनी बघते आहे. तेलात कालवलेला शेंदूर ज्याला लागला ते देवाचं. आणि मी बडनेऱ्याच्या फाटकावरचं निशाण आठवत बसले! तो नमस्कार मला नव्हता. वहाणा ठिणगीसाठी नव्हत्या. शकुनला उगाच रागावले.

तिला मात्र काही सांगितलं नाही. 

३ एप्रिल, शुक्रवार

हे आले. अंगणात उभ्याउभ्याच विचारलं, "इंजिनघराची किल्ली कोणाकडं होती?"

मी म्हणाले, "कोनाड्यात ठेवली होती. मी कामात होते. कुणी घेतली मला माहीत नाही."

हेच शब्द. जसेच्या तसे लिहिले आहेत. आधी ठरवलं नव्हतं. ह्यांचा आवाज ऐकला आणि आतून आपोआप निघाले. किल्ली जाईल, शिकलेली शिकलेली म्हणून आयुष्यभर ऐकावं लागेल, सासूबाईंसमोर, शकुनसमोर, एवढंच डोक्यात होतं.

नत्थुजी तिथेच उभा होता. पार्बताबाईने त्याला सांगितलं असणार किल्ली कुणी दिली ते. माझ्याकडे एकदा बघितलं, मग जमिनीकडे. एवढंच म्हणाला, "मालक, देवाचं तेल समजून घेतलं तिनं."

हे म्हणाले, "पेट्रोलवर देव कवा बसला, नत्थुजी? मले बनवून राहिला का? इतके दिवस डबे हलके होत होते ते कावून, आता समजलं."

४ एप्रिल, शनिवार

नत्थुजीला काढलं. अकरा वर्षांचा माणूस. पार्बताबाईला बैलगाडीत पोत्यावर निजवून घेऊन गेला, मोर्शीला. तिथे तिचा भाऊ आहे आणि दवाखानाही. जाताना झोपडीचं दार ओढून घेतलं, कडी लावली.

मी माडीवरून बघितलं. खाली गेले नाही.

५ एप्रिल, रविवार

काही लिहवत नाही.

११ एप्रिल, शनिवार

मारोतीच्या दर्शनाला आलेल्या बाया बोलत होत्या. देवाचं तेल चोरलं म्हणून देवाने हात धरला. मारोती जागृत आहे. एक म्हणाली, "तिच्या हातचं पानी नाई पिनार मी." दुसरी म्हणाली, तोडणीला तिला आता कोण बोलावणार. मी नारळ हातात घेऊन तिथेच उभी. एका शब्दाने हे थांबवू शकत होते. नारळ फोडला आणि घरी आले.

डब्यांवरचा शेंदूर राखेने घासायला बसले. सासूबाईंनी हात धरला. "देवाचं पुसू नाई." म्हटलं, हे देवाचं नाही, मी लावलंय. त्या म्हणाल्या, "लावनारा कोनी असो. लागला म्हंजे देवाचा." पहिल्या दिवशी हे का नाही बोललात, असं विचारणार होते. पण शेंदूर लागल्यावर त्यांनी ते डबे आज पहिल्यांदा बघितले. त्या दिवसापासून किल्ली माझ्याकडे आणि मी त्यांना आत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

१८ एप्रिल, शनिवार

इंजिन आठ दिवस बंद. मोर्शीहून एक मिस्त्री आला, त्याने एकदा सुरू केलं आणि त्याच्यानंतर कुणाला होत नाही. नत्थुजी चाकाला कसा हात घालायचा ते कुणी बघून ठेवलं नाही. जुनी मोट काढली. बैलांनाही सवय राहिलेली नाही. झाडाखाली फळांचा सडा पडतो, हिरवी, सुपारीएवढी. चालताना पायाखाली फुटतात. हे दिवसभर कुणावर ना कुणावर ओरडत असतात. मला वाटतं, झाडंसुद्धा माझ्यामुळेच फळं टाकताहेत. मूर्खपणा आहे, पण वाटतं.

२३ एप्रिल, गुरुवार

नवी खूण केली. पेट्रोलच्या प्रत्येक डब्याच्या तोंडाला बाभळीची काट्याची डहाळी बांधली. शेताच्या वाटेवर काटी टाकली की लहान मूलही समजतं, इकडून जायचं नाही. वाचावं लागत नाही, कुणी पायाही पडत नाही. दोन महिन्यांपूर्वी सुचलं असतं तर. आमच्या धुऱ्यावर चारी बाजूंनी तेच आहे, रोज त्याच्यातूनच येते-जाते. बांधताना बोटात काटा गेला. दुखलं ते बरं वाटलं.

३० एप्रिल, गुरुवार

पार्बताबाई आली होती! जातं न्यायला. भाऊ बरोबर होता, तोच उचलत होता. तिचा हात फडक्यात, गळ्यात अडकवलेला. डॉक्टरने सांगितलं, दोन बोटं कायमची चिकटली, बाकीची वाकतील पण कळ लागणार नाही त्यांना. म्हणजे गरम, थंड, मऊ, कडक, काही कळणार नाही. फळ तळव्यात धरून सांगायची ती.

ती ओट्याकडे गेली नाही. लांबूनच मारोतीकडे बघितलं आणि डावा हात कपाळाला लावला. मी जवळ गेले. म्हटलं, "पार्बताबाई, तुझी काही चूक नाही." ती म्हणाली, "तुमी चांगल्या म्हनून म्हनता. देव कारनाशिवाय कोनाले जाळत नाई." भावाने एका शब्दानेही ओळख दाखवली नाही. त्याला खरं माहीत आहे असं वाटलं.

मला म्हणे चांगली.  मागच्या अंगणात जाऊन ओकले.

७ मे, गुरुवार

आज शकुनने विचारलं, "आई, मारोती माझाबी हात जाळीन?" तिने सासूबाईंच्या देव्हाऱ्यातला गूळ खाल्ला होता. दोन दिवस ती दिव्याजवळ जात नव्हती आणि मला कळलंच नव्हतं. जवळ घेतलं, म्हटलं, मारोती कुणाला जाळत नाही. मग पार्बताबाईला? मी दिव्याची वात सारखी करत बसले. पोरीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला जे समजायचं ते समजली.

नाही, आता पुरे. उद्या ह्यांना सगळं सांगणार. काय होईल? ओरडतील. किल्ली घेतील, घेऊ देत. अकोल्याला पाठवतील? पाठवणार नाहीत, लोक काय म्हणतील ह्याची त्यांना जास्त भीती. हात उगारतील? अजून कधी उगारलेला नाही. सगळं मोजून बघितलं. काहीही झालं तरी पार्बताबाईच्या हाताइतकं होणार नाही. मग मला एवढी भीती कशाची? ह्यांना वाईट वाटेल ह्याची. निरपराध माणसाला आपण चोर म्हटलं, हे कळल्यावर हे कोसळतील. त्यांना ते सहन होणार नाही. त्याचीच मला जास्त काळजी वाटते आहे.

८ मे, शुक्रवार

सांगितलं. शेंदूर मी लावला, किल्ली मी दिली, खोटं मी बोलले. हे जेवत होते. जेवतच राहिले. मग म्हणाले, "शेंदराचं मले पयल्याच दिवशी समजलं होतं. देवाचं म्हनून कोनी हात लावत नाई, म्हनून बोललो नाई. तूबी आता बोलू नको."

उद्या शनिवार, मारोतीपुढे सगळं गाव असतं. तिथे सांगणार आहे. मी काय केलं ते आणि कुणाला काय माहीत होतं तेही. उखाण्याशिवाय ह्यांचं नाव मी आजवर घेतलेलं नाही. उद्या घेईन.